चमकणारं पाणी पाहायचंय? नागपूरहून असा प्लॅन करा

नागपुरातल्या फुटाळा तलावावर कितीही चकरा मारा भाऊ, निळं चमकणारं पाणी काही दिसायचं नाही, कोकणच गाठावं लागतं. नोव्हेंबर-डिसेंबर पकडा, आधी अमावस्या पाहा मग तिकीट, कारण चांदण्यात हा उजेड पार फिका पडतो. नागपूर-मडगाव स्पेशल चालू असली तर थेट कुडाळ, तिथून मालवण. किमान 3 रात्री ठेवा, पाणी चमकवणारे नॉक्टिल्युका नावाचे बारके समुद्री जीव कधी येतील याची गॅरंटी नसते, म्हणून तिथल्या मासेमारांना विचारत राहायचं, अन् दिवसा पाणी लालसर-हिरवट दिसलं तर चान्स जास्त. रात्री टॉर्च, मोबाइल सगळं बंद, 20 मिनिटं अंधारात बसा, मग ओल्या वाळूत पाय घासा, ठिणग्या उडाल्यासारखं होतं बघा! फोटो मात्र ट्रायपॉडशिवाय नुसता काळा येतो.