मुलाखत देऊन आल्यावर त्याच रात्री करायचा हिशेब

गेल्या महिन्यात माझा भाचा मुलाखतीचाच शर्ट घालून थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. खिशाला पेन, हातात फाइल, घामानं कॉलर काळी. मेकॅनिकलचा डिप्लोमा होऊन तीन महिने झालेले आणि एका आठवड्यात तीन ठिकाणांहून होकार आलेला, एक पुण्याजवळच्या चाकणचा, दोन इथले कोल्हापूरकडचे.

"मावशी, चाकणवाले बावीस हजार देत्यात. गोकुळ शिरगावचा साडेचौदाच म्हणतोय. यात इचार करण्यासारखं काय हाय, तूच सांग."

"हाय की," म्हटलं. "बस आधी. चहा घे."

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये चौदा वर्षं पगार काढते, 140 जणांचा. आमच्याकडं पगार 7 तारखेला होतो आणि 8 तारखेला एखादं नवं पोरगं स्लिप घेऊन टेबलासमोर उभं असतं. "मॅडम, ठरलं होतं एवढं, मग हे कमी कसं?" कमी काही झालेलं नसतं. ठरलं तेव्हाच त्यानं दुसराच आकडा ऐकलेला असतो. म्हणून भाच्याला जे सांगितलं ते इथं लिहिते. डिप्लोमा, आयटीआय, बीकॉम, कुणीही असा, पहिल्या नोकरीचा घोळ सारखाच असतो.

मुलाखत झाली त्याच रात्री वही काढायची. उद्यावर टाकायचं नाही. दोन दिवसांनी फक्त एसी आणि बिस्किटं लक्षात राहतात. काम काय सांगितलं, शिफ्ट किती, आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी, पगाराचा आकडा कुठल्या शब्दांत सांगितला, कुणाच्या हाताखाली काम, आणि आपण काय विचारायचं विसरलो, एवढं लिहा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. सुट्टीचा वार किरकोळ वाटतो, पण आमच्याकडं सोमवारची सुट्टी आहे. घरातली निम्मी लग्नं आणि सगळी बारशी रविवारी होतात, मी कशालाच नसते.

मग पगार. 'किती देतात' याला तीन उत्तरं असतात: सीटीसी (कंपनीला तुमच्यावर पडणारा एकूण खर्च), ग्रॉस (कपातीआधीचा पगार) आणि हातात (कपातीनंतर मिळतो तो). मुलाखतीत सांगतात पहिलं, आपण समजतो तिसरं. चाकणचं पत्र भाच्याच्या मोबाइलवर होतं, ते मी जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागं उतरवून घेतलं. वर्षाला 2,64,000, म्हणजे महिन्याला 22,000, इथवर बरोबर. पण त्यात कंपनीनं भरायचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) 1,320, कंपनीचा ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) 634 आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचे) 529 धरलेले. ते वजा केले की ग्रॉस 19,517. बेसिक, म्हणजे मूळ पगार, 11,000, त्यावर याच्या वाट्याचा पीएफ 12 टक्क्यांनी 1,320. ईएसआय 0.75 टक्के, म्हणजे 147. प्रोफेशनल टॅक्स 200. हातात 17,850.

भाचा म्हणाला, "म्हणजे चार हजार खाल्लं की."

खाल्लं नाही. पीएफ तुमचाच असतो आणि कंपनीही बेसिकवर तेवढेच 12 टक्के घालते, त्या 12 मधले 8.33 टक्के पेन्शनकडं वळतात. 21,000 पर्यंत पगार असेल तर ईएसआय लागतो आणि त्यात अवलंबून असलेल्या आईवडलांच्याही उपचाराची सोय होते. माझ्या बहिणीला साखर आहे, तेव्हा आमच्या घरात ही बारीक गोष्ट नव्हे. ग्रॅच्युइटी मात्र साधारणपणे पाच वर्षं एका जागी टिकलात तर. पहिल्या नोकरीत ते पैसे आपले धरू नका. प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात महिना 10,000 च्या वर 200 आणि फेब्रुवारीत 300 कापतात. मुलींना 25,000 पर्यंत तो लागत नाही. कापलेला दिसला तर विचारा, लाजू नका.

गोकुळ शिरगावचं गणित छोटं. मालकानं साडेचौदा ग्रॉसच सांगितला होता. बेसिक 10,000, पीएफ 1,200, ईएसआय 109, टॅक्स 200. हातात 12,991.

अजून चाकण जवळपास पाच हजारांनी पुढंच. आता पान उलटायचं आणि हातातनं जाणारं लिहायचं. चाकणला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं, 3,500, दोन वेळची मेस 3,200, नाश्ता-चहा 1,000, महिन्यातनं दोनदा घरी येणं-जाणं 1,800, मोबाइल 300. झाले 9,800. उरले 8,050. इकडं बहिणीचं घर फुलेवाडीत, तिथनं गोकुळ शिरगाव जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. पेट्रोल आणि गाडीचं काम मिळून 2,000, चहापाणी आणि मोबाइल 600. डबा घरचा. उरले 10,391.

पोरगं पानाकडं बघतच राहिलं. मग म्हणालं, "मी दोनदा येणार नाही घरला, एकदाच येतो." सगळे असंच म्हणतात. पहिल्या तीन महिन्यांत दोनदा येतातच, आणि आईच्या हातचं खाऊन परत जाताना एसटीत रडतातही, फक्त सांगत नाहीत.

एक सावधगिरी. काही ठिकाणी सांगितलेल्या आकड्यात ओव्हरटाइम धरलेला असतो. "अठरा हजार पडतात" म्हणाले की विचारायचं, आठ तासांचे की बारा तासांचे? कारखान्यात जादा कामाचा दर कायद्यानं दुप्पट असतो. बारा तासांचे अठरा आणि आठ तासांचे पंधरा यात मला पंधरा बरे वाटतात. संध्याकाळ शिल्लक राहते आणि तिच्यात काही शिकता येतं.

तिसरी जागा होती एका फायनान्स कंपनीत, कोल्हापुरातच. 16,000 अधिक इन्सेंटिव्ह, पेट्रोल आपलं. बहिणीला हीच आवडली होती, कारण पोरगा टाय घालणार. मी सेल्सला नावं ठेवत नाही. बोलकं पोरगं दोन वर्षांत गाव ओळखायला लागतं आणि ती ओळख पुढं पैसे देते. पण इन्सेंटिव्ह हा पगार नव्हे. विचारायचा प्रश्न एकच: तुमच्या टीममधल्या किती जणांना गेल्या तीन महिन्यांत इन्सेंटिव्ह मिळाला? त्यांनी सांगितलं, दहातल्या दोघांना. आणि आमचा भाचा असा, की गॅसवाल्याला फोन करायचा झाला तरी आईकडं देतो. ती जागा तिथंच संपली.

आता कागदपत्रं. हे मी हाताला चटका बसल्यामुळं सांगते. बीकॉम झाल्यावर माझी पहिली नोकरी शहरातल्या एका ऑफिसात. दुसरीकडं 3,500 देत होते, इथं 4,500, म्हणून मी उडी मारली. "दोन वर्षांचा बाँड आहे, ओरिजिनल मार्कलिस्ट इथं ठेवा, सगळेच ठेवतात," म्हणाले. मी ठेवली. काम अकाउंटचं सांगितलं होतं, करायला मिळालं ते पावत्यांवर शिक्के मारायचं. चार महिन्यांनी सोडते म्हटल्यावर मार्कलिस्ट ज्या कपाटात होती त्याची किल्ली रोज कुणाकडं तरी असायची आणि तो माणूस रोज बाहेर गेलेला असायचा. पावणेतीन महिने मी त्या जिन्यावर बसले. दरम्यान एका बँकेच्या भरतीत कागद तपासणीला ओरिजिनल दाखवायची होती, ती संधी गेली. तेव्हा, ओरिजिनल दाखवायची, झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल परत पिशवीत घालायची. बाँड असेल तर सही करण्याआधी त्याची प्रत घरी आणून वाचायची: रक्कम किती, मुदत किती, आणि त्या बदल्यात ते खरंच काही ट्रेनिंग देणार आहेत का. नोकरीसाठी डिपॉझिट किंवा ट्रेनिंग फी मागितली तर चहासुद्धा न पिता उठायचं.

चाकणच्या पत्रात आणखी एक गोष्ट होती, ती भाच्यानं वाचलीच नव्हती. वरती लेटरहेड होतं ठेकेदाराचं. मुलाखत झाली कंपनीच्या काचेच्या इमारतीत, पण स्लिप, पीएफ आणि उद्या अनुभवाचा दाखला, तिन्हींवर नाव ठेकेदाराचं येणार. हे आधीच माहीत असावं. करार अकरा महिन्यांचा. पुढं काय, यावर पत्रात ओळ नाही.

मग मी विचारलं, "गोकुळ शिरगावला मुलाखतीत काय झालं?"

तो तोंड वाकडं करून म्हणाला, "इज्जत गेली." दीड तास बाकड्यावर बसवलं. मग मालकानं आत शॉपवर नेलं, एका म्हाताऱ्या इन्स्पेक्टरनं हातात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि एक बुश (धातूची आखूड पोकळ नळी) दिला, म्हणाला, बाहेरचा व्यास सांग. यानं सांगितला 32.46. म्हाताऱ्यानं बुश काढून घेतला, व्हर्नियरची तोंडं मिटवली आणि उजेडाकडं धरली. शून्यावर शून्य बसत नव्हतं, 0.04 पुढं होतं. "आधी हे बघायचं. मग माप. आता सांग." यानं सांगितलं, 32.42. म्हातारा म्हणाला, "हं," आणि दुसरा बुश दिला.

"चाकणला काय विचारलं?"

"सेल्फ इंट्रोडक्शन. आणि रात्रपाळी चालंल का."

मी काही बोलले नाही. वहीत गोकुळ शिरगावच्या पानावर 'शून्य बघायला शिकवलं' असं लिहायला लावलं. नोकरी लागायच्या आधीच तिथं त्याला कुणीतरी अर्धा तास दिला होता. पहिल्या वर्षात तुमच्या शेजारी असा माणूस आहे की नाही, हे पत्रात कधीच नसतं, मुलाखतीतच दिसतं, आणि आपण ते अपमान म्हणून विसरून टाकतो.

पण एका म्हाताऱ्यावर भाळूनही चालत नाही. म्हणून पुढची पायरी: शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर जायचं. फॉर्मल शर्ट नको, साधा घालायचा. वर्ष-दीड वर्ष झालेलं एखादं पोरगं गाठायचं आणि चहा आपण पाजायचा. पगार किती, हे आधी विचारायचं नाही, कुणी खरं सांगत नाही. विचारायचं की पगार किती तारखेला होतो, लागलास तेव्हा काय करत होतास आणि आता काय करतोस, गेल्या वर्षी लागलेल्यातले किती टिकले. "तेव्हापण डिबरिंग, आत्तापण डिबरिंग," म्हणजे कापलेल्या भागांच्या कडा घासत बसणं, असं उत्तर आलं तर मालक कितीही गोड असो, समजून जा.

चाकणला जाणं लांब पडतं. तिथं भाच्याच्याच कॉलेजचा एक सीनियर होता, त्याला फोन लावला. त्यानं सरळ सांगितलं: लाइनवर उभं राहायचं, चार बोल्ट, टॉर्क, पुढचा पीस. शिकायचं म्हटलं तर शिस्त शिकतोस.

याचा अर्थ घर सोडू नये असा काढू नका. आमच्याच शॉपमधल्या एका मावशींची मुलगी तीन वर्षांपूर्वी पुण्यात डिझाइनच्या कामाला गेली. पहिल्या वर्षी तिच्या हातात महिन्याला दोन हजारही उरत नव्हते. तरी तो निर्णय बरोबर होता, कारण तिला सॉफ्टवेअरवर जे काम मिळालं ते तिला इथं कुणी दिलं नसतं आणि शिकवणारी बाई शेजारच्याच टेबलावर होती. उरलेले पैसे आणि शिकायला मिळणारं काम, दोन्ही कमी असतील तर मात्र गाव सोडायला कारण काय?

विचार करायला वेळ मागताना पोरं घाबरतात, वाटतं जागा जाईल. दोन-तीन दिवसांनी जागा जात नाही. भाच्याकडनं मी असा मेसेज लिहून घेतला: "नमस्कार सर, संधीबद्दल आभार. घरी बोलून शनिवारी दुपारी बारापर्यंत नक्की कळवतो. त्याआधी बेसिक, कपाती आणि कायम कधी करणार याची माहिती लेखी मिळाली तर बरं होईल." आणि शनिवार म्हटलं की शनिवार. नकार द्यायचा तोही फोन करून, दोन वाक्यांत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची फाइव्ह स्टार, तिन्हीकडचे एचआरवाले एकमेकांना ओळखतात. न सांगता गायब झालेल्या पोराचं नाव दुसऱ्या वर्षीही निघतं, मी ऐकलंय.

भाचा दोन दिवस गोकुळ शिरगावच्या गेटवर जाऊन आला. बातमी मिश्र होती. पगार 7 लाच होतो. म्हातारा सहा महिन्यांनी पोरांना स्वतः रिपोर्ट लिहायला लावतो. पण ट्रेनी म्हणून ठेवतात ते दोन-दोन वर्षं ट्रेनीच ठेवतात. एवढ्यावर मी म्हटलं, मग हेच लेखी माग. त्यानं मागितलं. शुक्रवारी रात्री मालकाचा मेल आला: बारा महिन्यांनी काम बघून कायम, तेव्हा बेसिक 12,500. 'काम बघून' हे दोन शब्द मला आवडले नाहीत, ते मी त्याला अधोरेखित करून दाखवले. बारा महिन्यांनंतरची तारीख त्याच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवली, आणि माझ्याही.

तो 1 तारखेपासून जातोय. बहिणीचा काल फोन आला होता, डबा तीन कप्प्यांचा घेऊ की चार.