क्लाउड सॉफ्टवेअरच्या करारात डेटाची मर्यादा आणि जादा शुल्क कसं तपासावं

वर्गणीचा आकडा सगळेच बघतात, जादा वापराचा दर काही जण बघतात. बिल फुगतं ते मात्र बहुतेक वेळा 'वापर' या एका शब्दाच्या व्याख्येमुळे. म्हणून करार हातात आला की आधी व्याख्या शोधा. ती मुख्य करारात नसेल, तर ऑर्डर फॉर्ममध्ये किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरच्या एखाद्या धोरणात असते. असं धोरण कंपनी परस्पर बदलू शकते, तेव्हा सहीच्या दिवशीची प्रत करारालाच जोडून घ्या.

१. नेमकं काय मोजतात ते विचारा. साठवलेला डेटा, बाहेर पाठवलेला डेटा, एपीआय कॉल (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे केलेली मागणी): प्रत्येकाची मर्यादा वेगळी असू शकते. साठवणुकीत फाइलच्या जुन्या आवृत्त्या, कचरापेटीत पडलेल्या फाइली, बॅकअप आणि चाचणीसाठी केलेली प्रत धरली जाते का? 50 एमबीची एक फाइल वीस वेळा दुरुस्त केली आणि प्रत्येक आवृत्ती पूर्ण मोजली गेली, तर त्या एकाच फाइलने 1 जीबी खाल्ला. तुम्हाला पडद्यावर दिसतात तेवढेच 50 एमबी. 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट की 1,07,37,41,824 बाइट, हेही लिहून घ्या. हा फरक सात टक्क्यांहून जास्त आहे, टीबीच्या (टेराबाइट, सुमारे हजार जीबी) हिशेबात तो दहाच्या आसपास जातो.

२. कधी मोजतात ते बघा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो फारसा कुणी विचारत नाही. समजा मर्यादा 100 जीबी आहे. महिन्याचे 29 दिवस तुमचा डेटा 90 जीबी होता. एक दिवस जुन्या सिस्टिममधून माहिती हलवताना तो 140 वर गेला आणि दुसऱ्या दिवशी खाली आला. सरासरी धरली तर वापर सुमारे 91.7 जीबी, म्हणजे जादा शुल्क शून्य. महिन्यातला सर्वोच्च आकडा धरला तर 40 जीबीचं बिल. दर तोच, वापर तोच. सरासरी मिळत नसेल, तर निदान सुरुवातीच्या स्थलांतराचा काळ मोजणीतून वगळून घ्या.

३. मर्यादा ओलांडल्यावर काय होतं? सेवा थांबते, मंदावते, जादा युनिटचे पैसे लागतात किंवा कंपनी तुम्हाला थेट वरच्या प्लॅनमध्ये ढकलते. या शेवटच्या प्रकारापासून सावध राहा: एका महिन्याच्या चुकीसाठी उरलेल्या पूर्ण मुदतीचे वाढीव पैसे भरावे लागू शकतात. जादा युनिट 1 जीबीने मोजतात की 100 जीबीच्या गठ्ठ्याने, तेही पाहून घ्या.

४. स्वतःचा आकडा काढा. गेल्या 12 महिन्यांचा वापर महिनावार मांडा. वाढीचा वेग आणि सर्वात जड महिना, दोन्ही डोळ्यांसमोर असू द्या.

५. बदल लेखी मागा. विक्री प्रतिनिधीचं तोंडी आश्वासन बिलाच्या वेळी कामाला येत नाही. मागायच्या गोष्टी अशा: 80 टक्के वापर झाला की ईमेलने सूचना, मर्यादा ओलांडली तर डेटा कमी करायला 30 दिवस, जादा युनिटचा दर मूळ दरापेक्षा चढा नसावा, बिलावर हरकत घेतली तर मोजणीच्या नोंदी मिळाव्यात. सूचना आली म्हणजे वापर थांबला असं नव्हे, शुल्क चढतच राहतं. ती ज्या ईमेलवर येणार, तो रोज कोण उघडतं ते आधी ठरवा.

६. बाहेर पडतानाचा खर्च विचारा. सगळा डेटा एकदम उतरवून घेतला की तो 'बाहेर पाठवलेला डेटा' म्हणून मोजला जाऊ शकतो. गूगल क्लाउड आणि ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने 2024 मध्ये सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी हे शुल्क माफ करायला सुरुवात केली, पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. तुमच्या करारात तशी सवलत नसेल, तर करार संपताना एकदा पूर्ण डेटा विनाशुल्क मिळेल, हे वाक्य सहीपूर्वीच घालून घ्या.