पाळी आली की छातीत दुखतं, दम लागतो? मग हे क्रमाने करा

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी श्वासपटलावर (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर), फुप्फुसाच्या आवरणावर, क्वचित फुप्फुसाच्या आतही रुजतात आणि दर पाळीला तिथे सूज येते, रक्त सुटतं. हा छातीतला एंडोमेट्रिओसिस. दहातल्या नऊ वेळा तो उजवीकडेच असतो. सर्वांत जास्त वेळा फुप्फुसाभोवती हवा शिरून फुप्फुस मिटतं. काहींना तिथे रक्त साठतं, काहींना खोकल्यातून रक्त पडतं, तर काहींच्या सीटी स्कॅनमध्ये नुसती गाठ दिसते.

आत्ता, या क्षणी, अचानक दम लागलाय किंवा खोकल्यातून बरंच रक्त पडतंय? वाचत बसू नका, १०८ लावा.

१. नोंद. सगळं अडतं ते इथे. फुप्फुसाभोवतीची हवा बहुतेकदा पाळीच्या आदल्या दिवसापासून पाळी सुरू झाल्यावर ७२ तासांपर्यंत शिरते. डॉक्टरांना हे जुळवायचं तर तारखा हव्यात. ‘अधूनमधून दुखतं’ म्हणालात की पित्ताची गोळी मिळालीच म्हणून समजा.

कालनिर्णयच्या चौकोनातली फुली पुरत नाही, वही करा. पहिला दिवस म्हणजे खरा रक्तस्राव सुरू झाला तो. नुसता डाग दिसला तो नव्हे. इथेच बहुतेकींची मोजणी चुकते आणि मग दुखणं पाळीशी जुळतच नाही. आदला दिवस ‘उणे १’ लिहा. दर नोंदीत चार गोष्टी हव्यात: पाळीचा कितवा दिवस, किती वाजता, कोणत्या बाजूला, कशाने वाढलं. उदाहरणार्थ: ‘दिवस २, पहाटे ४, उजवा खांदा, खोल श्वास घेतला की कळ.’

खांद्याचं दुखणं गाळू नका. श्वासपटलाची नस मानेतून निघते, म्हणून दुखतं श्वासपटल आणि जाणवतो खांदा. बाम चोळून ते जात नाही. थुंकीत रक्त असेल तर रंग आणि अंदाजे चमचे लिहा, मोबाइलवर फोटो काढा.

आणखी एक खोट हमखास राहते. गणपतीत किंवा घरच्या पूजेसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल, तर कधी सुरू केली, कधी थांबवली तेही लिहा. गोळी थांबल्यावर दोनतीन दिवसांनी रक्तस्राव होतो आणि त्रासही त्याच्या मागोमाग सरकतो. ही नोंद नसेल, तर वहीवरून ‘पाळीशी संबंध नाही’ असा उलटाच निष्कर्ष निघतो.

तीन पाळ्यांची नोंद पुरते. पण एक्स-रेत एकदा हवा दिसली असेल, तर तीन महिने थांबणं हा शुद्ध वेडेपणा.

२. तपासणी. पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत करा. खोकल्यातून रक्त पडणाऱ्यांच्या सीटीतली पुसट सावली पाळीनंतर विरून जाते. पंधराव्या दिवशीचा स्कॅन स्वच्छ आला म्हणजे आजार नाही असं नव्हे. दम लागत असेल तर त्याच दिवशी उभ्याने छातीचा एक्स-रे. आपल्याकडे रक्त पडलं की टीबी आठवतो, आणि थुंकीची तपासणी करायलाच हवी. मात्र जंतू सापडले नसतील आणि रक्त फक्त पाळीतच पडत असेल, तर सहा महिन्यांचं औषध मुकाट्याने सुरू करू नका; निदान कशावरून केलं ते विचारा.

३. डॉक्टर. छातीविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ, दोघेही. वही दोघांसमोर ठेवा.

४. शस्त्रक्रिया ठरली तर. नळी टाकून हवा काढली की फुप्फुस फुलतं, पण हवा शिरायची वाट तशीच राहते. ती अनेकदा श्वासपटलात असते: बारीक भोकं, काही जेमतेम मिलिमीटरभराची. म्हणून आधीच विचारा: दुर्बिणीतून श्वासपटल पूर्ण पाहणार का? भोकं दिसली तर तो भाग कापून शिवणार की नुसतं फुप्फुसाचं आवरण छातीच्या भिंतीला चिकटवणार? तुकडा तपासायला पाठवणार का? भोकं तशीच ठेवून नुसतं आवरण चिकटवणं मला अर्धवट काम वाटतं. पोटातही आजार असण्याची शक्यता मोठी, तेव्हा ओटीपोट कधी पाहणार हेही आधीच ठरू द्या.

५. संप्रेरकं. नुसत्या शस्त्रक्रियेने भागत नाही. त्यानंतर साधारण सहा महिने किंवा जास्त काळ पाळी थांबवून ठेवतात. त्यासाठीची संप्रेरकाची गोळी म्हणजे डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम, रोज ठरल्या वेळी, मध्ये खंड न पाडता. पहिले काही महिने अवेळी डाग दिसतात. त्याला घाबरून गोळी सोडली की आजाराला मोकळं रान. गर्भनिरोधक म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नका. गोळीऐवजी पाळी थांबवणारं दर महिन्याचं इंजेक्शन दिलं, तर त्याने हाडं विरळ होतात, म्हणून जोडीला हाडं जपणारं औषध विचारून घ्या.

६. प्रवास. फुप्फुस पूर्ण फुलल्याचं एक्स-रेत दिसल्यावर निदान आठवडाभर विमान नको. तारकर्लीचं स्कूबा मात्र विसराच, छातीविकारतज्ज्ञांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय नाही.

‘एक मूल झालं की बरं होईल’ हा सल्ला घरोघरी मिळतो. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून त्रास थांबतो, एवढंच. मूल हवं म्हणून गोळी बंद कराल तेव्हा पाळी परत येईल आणि तिच्यासोबत आजारही येऊ शकतो. त्या पहिल्या पाळीपासून वही पुन्हा उघडा.