हार्ड डिस्क एरर दाखवतेय? घाईत या चुका टाळा

ऐन हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढीवरचा कॉम्प्युटर अडकायला लागतो, हिशेबाचं टॅली उघडता उघडत नाही, आणि शेजारचा कुणीतरी सांगतो, "चेकडिस्क मारा, होईल नीट." सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्यानं होतं. चेकडिस्क ही विंडोजमधली आज्ञा फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठं आहे याची नोंदवही, दुरुस्त करते, डिस्क नाही. त्यात 'स्लॅश आर' हा पर्याय लावला की ती अख्खी डिस्क कानाकोपऱ्यापर्यंत वाचत बसते. शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला तेवढा ताण पुरे होतो. शिवाय जी नोंद वाचता येत नाही तिची ती काटछाट करते, आणि मग फाइलींचे तुकडे जुळवत बसावं लागतं.

म्हणून आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या, निदान नंतर. सुरुवात टॅलीच्या डेटा फोल्डरपासून करा, फोटो आणि सिनेमे मागून. कॉपी एकाच फाइलवर अडून बसली तर पुन्हापुन्हा प्रयत्न करू नका. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे कॉपीचं सॉफ्टवेअर आधी चांगला भाग उचलतं, खराब जागांवर शेवटी परत येतं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं. डी ड्राइव्हवर ठेवलेला बॅकअप मात्र बॅकअप म्हणून धरू नका. सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात.

आता आकड्यांकडे. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून निळा रंग दिसला की लोक निर्धास्त होतात आणि पिवळा दिसला की नवी डिस्क आणायला धावतात. रंगापेक्षा खालच्या तीन ओळी वाचा: 05, सी5 आणि सी6. 05 म्हणजे डिस्कनं बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे). सी5 म्हणजे वाचता न आलेले, निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले. सी6 म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही वाचता न आलेले. 05 मध्ये लहानसा आकडा असेल आणि महिनोन्महिने तोच राहिला, तर लक्ष ठेवून वापरता येते. आठवड्याभरात वाढला, तर ती डिस्क हिशेबाच्या कामातून काढाच. हे आकडे मुळात हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाच्या) मोजणीत दिसतात, म्हणजे शेवटी 10 दिसलं तर ते सोळा. सेटिंगमध्ये दशमान करून घ्या.

सी7 वाढलेला दिसला तर डिस्कला दोष देऊ नका. तो डिस्क आणि मदरबोर्डमधल्या देवाणघेवाणीतल्या चुकांचा आकडा आहे, आणि बहुधा साटा केबल सैल किंवा खराब असते. केबल बदलून पाहा. जुना आकडा शून्यावर येत नाही, पण वाढायचा थांबला की दुखणं तिथंच होतं. या एका ओळीमुळं चांगल्या डिस्का भंगारात जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

उलट बाजूही आहे. गुगलनं 2007 साली आपल्या लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास मांडला. बंद पडलेल्या डिस्कांपैकी अर्ध्याहून जास्त डिस्कांत सर्वात महत्त्वाच्या चार 'स्मार्ट' (डिस्क स्वतःच नोंदवत असलेल्या तब्येतीच्या) आकड्यांपैकी एकही हललेला नव्हता. म्हणजे "सगळं ठीक" ही हमी नव्हे. फॉरमॅट केल्यावर सी5 शून्य झाला म्हणून डिस्क बरी झाली असंही नाही; त्या जागांवर नव्यानं लिहिलं गेलं, एवढंच.

टक-टक आवाज येत असेल तर तपासणीचं सॉफ्टवेअरही चालवू नका. लगेच बंद करा. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय अजून सांगितला जातो. आत दव धरतं आणि होतं नव्हतं ते जातं.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या घरादुकानांत शिरलं, म्हणून हेही लिहितो. बुडालेली डिस्क उन्हात वाळवू नका, तांदळात पुरू नका आणि "चालतेय का बघू" म्हणून वीज तर अजिबात देऊ नका. बहुतेक डिस्कांना हवेसाठी बारीक छिद्र असतं, तिथून गाळ आत जातो आणि वाळला की तबकडीवर चिकटून बसतो. ओलीच हवाबंद पिशवीत घाला आणि डेटा रिकव्हरीच्या लॅबकडे पाठवा. दुरुस्तीला देताना चिठ्ठीवर ठळक लिहा: फॉरमॅट करू नये, डेटा हवा आहे.