अंगण वाकडंच असतं: नोकरी सांभाळून एमपीएससी करणाऱ्यांसाठी

नोकरी करता करता स्पर्धा परीक्षा द्यायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो "सबबी सांगू नका" हा. मला या सल्ल्याचा कधी काही उपयोग झाला नाही, कारण ज्यांना लोक सबबी म्हणतात त्या बहुतेक खऱ्या असतात. कळव्याहून महापेला कामाला जाणाऱ्या बाईला वेळ नसतो, हे खरं आहे. वन रूम किचनमध्ये टीव्ही, पाहुणे आणि शाळेतलं मूल यांच्यामध्ये पुस्तक उघडता येत नाही, हेही खरं आहे. 'नाचता येईना अंगण वाकडं' असं हिणवणं सोपं आहे. पण अंगण खरंच वाकडं असतं. आपल्याला शोधायचा असतो तो त्यातला पाय ठेवण्यापुरता सपाट कोपरा.

महापेतल्या एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करताना मी अभ्यास केला आणि आज कर सहायक म्हणून, म्हणजे राज्य सरकारच्या कर विभागात, नोकरी करते. अभ्यास सुरू करायचाय पण घोडं अडतंय, असं सांगणारी मुलंमुली अजून भेटतात. त्यांच्याशी जे बोलते तेच इथे लिहिते आहे.

खरं कारण खोटं ठरवायला गेलात की स्वतःशीच भांडण सुरू होतं आणि त्यात संध्याकाळ जाते. त्यापेक्षा ते कारण बारीक करून कागदावर मांडा. "वेळ नाही" याला कुणीच उत्तर देऊ शकत नाही. "सकाळी डबे, मग प्रवास, नऊ तास ऑफिस, परत प्रवास, रात्रीचा स्वयंपाक, साडेनऊनंतर डोळे मिटतात" असं लिहिलंत की त्याला उत्तर सापडतं. माझ्या कागदावर अभ्यासाला मोकळ्या अशा दोनच जागा निघाल्या: सकाळचा प्रवास आणि घरातलं कुणी उठण्याआधीचा तास. संध्याकाळ मी सोडूनच दिली. थकलेल्या डोक्यानं दोन तास पुस्तकासमोर बसून स्वतःचा राग करत राहण्यात मला काही अर्थ वाटत नव्हता, आजही वाटत नाही.

कळव्याची गाडी म्हणजे दारात लटकणं, तिथे अभ्यासाचा विषयच नाही. पण ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर गेलं की ट्रान्स हार्बरची, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल तिथूनच सुटते. एखादी गाडी सोडली की पुढच्या गाडीत बसायला मिळतं. ही लाइन २००४ साली सुरू झाली आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांना त्यामुळे बसून प्रवास मिळाला. महापेसाठी मी उतरायचे त्या घणसोलीपर्यंतचा वेळ तसा थोडाच, पण त्याचे मी ठरलेले भाग केले होते. ऐरोली येईपर्यंत आदल्या दिवशीच्या टिपणांची उजळणी, पुढे रबाळे, घणसोलीपर्यंत चालू घडामोडी. गाडीत नवा विषय उघडायचा नाही आणि गणितं सोडवायची नाहीत. उभं राहावं लागलं तरी एका हातात मावेल अशी छोटी वही, पानाच्या एकाच बाजूला लिहिलेली. मोबाइलवर वाचेन म्हणाल तर पहिल्याच मेसेजला लक्ष उडतं, म्हणून वहीच बरी. रोज सकाळी "आज काय वाचू" हा प्रश्न पडत नव्हता, हा या व्यवस्थेचा खरा फायदा. तो प्रश्न एकदा पडला की त्याच्या मागोमाग "आज राहू दे" येतंच.

पहाटेचा तास मात्र आपोआप मिळाला नाही, तो मागावा लागला. घरच्यांचा पाठिंबा नाही ही तक्रार मी फार ऐकते, विशेषतः लग्न झालेल्या मुलींकडून. अनेकदा घरच्यांना आपण नेमकं काय हवंय ते सांगितलेलंच नसतं. "मला अभ्यास करायचाय, मदत करा" असं म्हटलं तर समोरच्याला काय करायचं ते कळत नाही. मी सासूबाईंना सांगितलं, "आई, परीक्षा होईपर्यंत सकाळचा डबा तुम्ही कराल का? रात्रीचं सगळं मी बघते, भांडीसुद्धा." त्या म्हणाल्या, "डब्याचं राहू दे गं, मी तशीही पहाटेच उठते. पण परीक्षा कधी आहे ते मला सांगून ठेव." त्यांना काम जड नव्हतं, त्याला मुदत हवी होती. सगळ्या घरांत असं होईल असं नाही. काही घरांत सरळ नकार मिळतो, तेव्हा अभ्यासिका गाठावी लागते. ठाण्यात अभ्यासिकांची कमतरता नाही. वर्गणी भरण्याआधी एकदा रविवारी दुपारी जाऊन बसून बघा. पंखा, उजेड आणि शेजारच्या टेबलावरच्या गप्पा, तिन्हीचा अंदाज येतो.

पैशांबद्दल थोडक्यात सांगते. क्लास लावता येत नाही म्हणून सुरुवातच न करणारे बरेच आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, विज्ञान यांचा पाया सहावी ते बारावीच्या पुस्तकांत पक्का होतो. एमपीएससीच्या, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका असतात, त्याही फुकट. स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणारी ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ पासून चालू आहे, तिची चौकशी ठाण्यात राहून केली नाही असं होऊ देऊ नका. ज्यांचं नाव तिला आहे ते चिंतामणराव १९१८ च्या आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी सेवेच्या परीक्षेत पहिले आले होते आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आणि ज्या आयोगाची परीक्षा द्यायची, त्याचं कार्यालय तर आता आपल्याच बेलापूरला आहे.

आता ज्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते ते. वेळ नाही, जागा नाही, पैसे नाहीत ही कारणं निदान दिसतात तरी. सगळ्यात जास्त वर्षं खाणारं कारण अभ्यासाचा वेश घालून येतं. टेलिग्रामवर पाच चॅनल, प्रत्येकावरून उतरवलेल्या शेकडो पीडीएफ, तीन रंगांत आखलेलं वेळापत्रक, रात्री झोपताना यशस्वी उमेदवारांची भाषणं. अभ्यासिकेत मी अशी मुलं पाहिली आहेत जी आठ तास बसतात, प्रामाणिकपणे बसतात, आणि एकही प्रश्नपत्रिका सोडवत नाहीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आधी सिलॅबस पूर्ण होऊ दे, मग टेस्ट देतो." सिलॅबस कधीच पूर्ण होत नाही. चालू घडामोडी रोज वाढतात, पुस्तकाची नवी आवृत्ती येते, कुणीतरी नव्या नोट्स पाठवतं. ही मुलं आळशी नाहीत. पेपर सोडवला की आपल्याला किती येत नाही ते आकड्यात दिसतं आणि ते बघायची त्यांना भीती वाटते. ही भीतीही खरीच आहे, म्हणून त्यांच्यावर ओरडून काही होत नाही.

पेपर कसा असतो ते बघा. कर सहायक, लिपिक-टंकलेखक अशी पदं गट-क मध्ये येतात. त्यांच्या संयुक्त पूर्व परीक्षेत, म्हणजे पहिल्या चाळणीत, १०० प्रश्न, १०० गुण आणि एक तास. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, चार चुकले की एक बरोबर उत्तर हातचं गेलं. वाचताना 'हे येतंय' असं वाटणं आणि ३६ सेकंदांत चार पर्यायांतून नेमका उचलणं यांत फार अंतर आहे.

एक उदाहरण देते. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती सगळेच वाचतात. ७३ वी पंचायत राजची, तिनं राज्यघटनेत अकरावी अनुसूची, म्हणजे पंचायतींकडच्या विषयांची यादी आली, विषय २९. ७४ वी नगरपालिकांची, तिनं बारावी अनुसूची आली, विषय १८. दोन्ही १९९२ च्या, अमलात आल्या १९९३ मध्ये. हे पाठ असतं. पण प्रश्न येतो तो 'खालीलपैकी कोणता विषय बाराव्या अनुसूचीत नाही' असा, आणि पर्यायांत अग्निशमन, ग्रंथालये, स्मशानभूमी, पथदिवे. इथे २९ आणि १८ हे आकडे काहीच मदत करत नाहीत. सराव पेपरमध्ये हा प्रकार समोर आला तेव्हापासून मी घरापासून कळवा स्टेशनपर्यंत चालताना बारावी अनुसूची मोजायला लागले: हा रस्ता, तो खाडीवरचा पूल, दिव्याचा खांब, बसथांबा, कचऱ्याची गाडी, बाग, पुढे वळणावर स्मशानभूमी. जे उरलं, म्हणजे शेती, लघुपाटबंधारे, खादी, ग्रामीण घरबांधणी, ते सगळं अकराव्या अनुसूचीतलं, गावाकडचं. आणि ग्रंथालयं शहरात कितीही दिसली तरी यादीत ती अकरावीतच आहेत, हे वेगळं लक्षात ठेवायचं. ही पद्धत मला कुठल्या नोट्समध्ये मिळाली नाही. पेपर सोडवून कुठे अडतंय ते कळलं म्हणून ती सुचली.

त्यामुळे माझं आग्रहाचं सांगणं आहे की वाचन आणि पेपर बरोबरीनं चालू ठेवा. पेपर झाल्यावर फक्त गुण मोजून वही बंद करू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर लिहा: माहीत होतं पण घाईत गेलं, अंदाजानं मारलं, की वाचलंच नव्हतं. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला प्रश्न शेवटपर्यंत वाचायची सवय हवी, विशेषतः 'अयोग्य विधान ओळखा' या प्रकारात. दुसऱ्याला संयम लागतो. पुस्तकं फक्त तिसऱ्याला लागतात, आणि बहुतेक जण मात्र तिन्हींवर पुस्तकंच विकत घेत बसतात.

कर सहायक किंवा लिपिक-टंकलेखक पदाचा विचार असेल तर टंकलेखनाकडे आजच बघा. कर सहायकाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट, दोन्हींची प्रमाणपत्रं लागतात आणि पुढे कौशल्य चाचणी असते. "ते काय, शिकता येईल नंतर" म्हणून ढकललं जाणारं हे पहिलं काम. मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची सवय झालेल्या बोटांना मराठी कीबोर्डवर जोडाक्षरं बसवायला महिने लागतात. 'स्पष्टीकरण' हा एक शब्द न बघता टंकता येईपर्यंत मला रडू यायचं बाकी होतं. पण इथे एक मोठा दिलासा आहे. ज्या दिवशी डोकं चालत नाही, त्या दिवशीही बोटं चालतात. ऑफिसात वाईट दिवस गेला, अभ्यासात मन लागत नाही, तर अर्धा तास टायपिंग करा. तो दिवस वाया जात नाही.

"जाहिरात आली की सुरू करते" हे कारण नोकरदारांमध्ये सर्रास ऐकू येतं. जाहिरात आणि परीक्षा यांच्यामधला काळ नोकरी न करणाऱ्यालाही अपुरा पडतो, आपली तर गोष्टच सोडा. जाहिरात कधी येईल हे आपल्या हातात नाही. तोवर अंकगणित, बुद्धिमापन, मराठी-इंग्रजी व्याकरण आणि टायपिंग यांतलं काहीच जुनं होत नाही, ते करून ठेवा.

काही कारणांपुढे मात्र थांबावंच लागतं. घरातलं आजारपण, बाळंतपण, नोकरीवर आलेलं संकट, किंवा स्वतःचंच मन खचलेलं असणं. अशा वेळी पुस्तकं बांधून ठेवा आणि पुन्हा कधी उघडणार ती तारीख भिंतीवर लिहा. तारीख लिहून थांबलेले परत आलेले मी पाहिले आहेत. आणि नोकरी शक्यतो सोडू नका. खुल्या गटाला वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३, त्यामुळे तिशीतल्या माणसानं वय झालं म्हणू नये. पण आपण किती वर्षं देणार हे घरी बसून, घरच्यांसमोर ठरवा. पगार चालू असला की हा निर्णय शांतपणे घेता येतो.

सुरुवात म्हणून येत्या रविवारी एवढंच करा. आयोगाच्या संकेतस्थळावरून गट-क ची एक जुनी पूर्व परीक्षा उतरवून घ्या, काहीही न वाचता घड्याळ लावून एका तासात सोडवा, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर वर सांगितलेल्या तीनांपैकी एक कारण लिहा. गुण कमी येतील, येऊ देत. सोमवारी गाडीत काय वाचायचं ते त्या कागदावरूनच ठरवा.