बडोद्याहून होलाशोवित्सेला: गाव नीट पाहायचं तर

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण बोहेमियातलं हे गाव 1998 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. गावात एक चौक आणि त्याभोवती घरं, एवढंच दिसतं. म्हणून लोक भराभर फोटो काढून निघतात. किमान दोन तास ठेवाच.

आधी नाव. शेवटचा उच्चार ‘त्से’, म्हणजे ‘चमचा’तला च; आपल्या जिभेला तो सहज येतो. रोमन लिपीत एस या अक्षरावर छोटं चिन्ह आहे, त्यानेच ‘श’ होतो. ते न पाहता शोधलंत तर ओपावाजवळचं होलासोवित्से समोर येतं आणि तुम्ही देशाच्या पार पूर्वेला पोचता. आपलं गाव यांकोव ग्रामपालिकेत आहे. शेजारी ते नाव दिसलं तरच तिकीट काढा.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या) अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून 15 दिवसांपर्यंत करता येतो, पण त्या शेवटच्या मुदतीवर ढकलू नका. विमा किमान 30,000 युरोचा लागतो. खाऊ म्हणून लीलो चिवडो (बडोद्याचा ओलसर चिवडा) खुशाल न्या. पेढे आणि श्रीखंड मात्र घरीच ठेवा, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. चलन कोरुना, युरो नव्हे.

राजधानी प्रागहून रेल्वेने चेस्के बुद्येयोवित्से हे शहर सुमारे दोन तास, तिथून पश्चिमेला 15 किलोमीटरच्या आसपास बसने. वेळापत्रकातल्या खुणा आधी समजून घ्या: एकमेकांवर आडवे हातोडे म्हणजे फक्त कामाचे दिवस, 6 म्हणजे शनिवार, क्रूस म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. हातोड्याची बस शनिवारी येणार नाही, कितीही थांबलात तरी. परतीची बस उतरतानाच पाहून ठेवा.

चौक साधारण 210 मीटर लांब, 70 मीटर रुंद. मधे माशांचं तळं आणि संत यान नेपोमुत्स्की यांचं 1755 चं छोटं प्रार्थनाघर. तिथे उभे राहून दोन्ही बाजू पाहा: 23 शेतघरं, सगळ्यांची त्रिकोणी तोंडं चौकाकडे. सकाळी एका रांगेवर ऊन असतं, दुपारनंतर समोरच्या. जिकडे ऊन तिकडून सुरुवात करा, कारण गिलाव्यातल्या वेलबुट्ट्या आणि वळणदार कडा तिरप्या उन्हातच उठून दिसतात. शहरातल्या बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या नटव्या युरोपीय शैलीतल्या) इमारतींची नक्षी गावच्या गवंड्यांनी शेतघरांवर उतरवली, ती ही. मग फाटकं पाहा. गाडीसाठी मोठी कमान, माणसांसाठी शेजारी लहान दार. जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजाची आठवण येईल. आत अंगण, मागे बाग आणि शेत. घरांत माणसं राहतात, तेव्हा फाटक उघडं असलं तरी आत शिरू नका.

1520 ते 1525 च्या प्लेगमध्ये इथे फक्त दोघं वाचली, मग बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून जर्मनभाषक माणसं आणून वसवली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनभाषकांना घालवून दिलं आणि घरं ओस पडली. 1990 नंतर गाव पुन्हा भरलं. हे माहीत असलं की घरांची ती रांग वेगळी दिसते.

शाकाहारी असाल तर जेवताना ‘बेज मासा’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, म्हणा. चेकमध्ये ‘मासो’ म्हणजे मांस, मासा नव्हे. हा भाग तळ्यांचा, कार्प माशाचा, म्हणून ‘बेज रिबी’ (माशाशिवाय) हेही जोडा. तळलेलं चीज, ‘स्माझेनी सीर’, बहुतेक ठिकाणी मिळतं, पण तेल वेगळं आहे का ते विचारा.