इंटरव्ह्यूला जाताना: पाठवलेला बायोडाटा वाचून जा

आतेभावाला सोमवारी वाघोडियाला इंटरव्ह्यू आहे. "ताई, काय काय घेऊन जाऊ?" असा मेसेज आला. उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, आता सगळ्यांसाठीच लिहून टाकावं. मी बडोद्यात क्वालिटीत, म्हणजे कारखान्यातल्या मालाचा दर्जा तपासणाऱ्या खात्यात आहे, आठ वर्षं झाली. उदाहरणं माझ्या कामातली येतील, त्यातून तुमचं तुम्ही काढा.

बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं वाचा: कंपनीकडे जो बायोडाटा गेलाय, तो वाचून जा. लॅपटॉपवरचा ताजा नव्हे, फाइलमध्ये प्रिंट काढून ठेवलेला नव्हे. त्यांच्या हातात असणार आहे तो.

मागच्या वर्षी हालोलच्या बाजूला एका कारखान्यात मला बोलावलं होतं. मी रात्री बसून बायोडाटा नवा केला, रावपुऱ्यात जाऊन जाड कागदावर तीन प्रती काढल्या. समोर तिघं बसले होते. मधल्या साहेबांच्या हातातला कागद मी ओळखलासुद्धा नाही. चार वर्षांपूर्वी नोकरीच्या एका साइटवर चढवून विसरून गेलेला माझाच बायोडाटा होता तो, एचआरनं तिथूनच उचललेला. साहेबांनी विचारलं, "मशीन शॉपचं रिजेक्शन ६ टक्क्यांवरून खाली आणलंत, कितीवर आणलंत?" मी म्हटलं, २. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं दीड होतं. मग माझी जाड कागदाची प्रत मागून घेतली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

दोन्ही आकडे खरे होते. दीड टक्का बाद माल एका व्हॉल्व्ह बॉडीच्या लाइनचा, तीन महिन्यांचा. २ टक्के अख्ख्या शॉपचा, वर्षभराचा. हे मला कधी आठवलं? परत येताना वाटेत जरोदला शटल (शेअरची गाडी) थांबली तेव्हा. टेबलावर मी म्हणाले, "सर, टायपिंग मिस्टेक असेल." क्वालिटीच्या नोकरीसाठी आलेली बाई, आणि आकडा चुकला तर टायपिंग मिस्टेक! मीच त्या खुर्चीत असते तर मला घेतलं नसतं.

एवढ्यावर भागलं नाही. जुन्या प्रतीत छंद म्हणून सतार लिहिलेली. सतार मी दीड महिना शिकले होते, नखं तुटतात म्हणून सोडली. डावीकडच्या बाईंनी हसून विचारलं, "कोणाकडे शिकलात?" बडोद्यात सतार लिहायची तर समोरच्याची मावशी संगीत महाविद्यालयात शिकवत असेल हे धरूनच लिहायची. छंदाची ओळ काढून टाका. पण पाठवलेल्या प्रतीत ती असेल, तर आता काढून काय उपयोग? म्हणून म्हणते, पाठवलेली प्रत वाचा.

ती शोधायची कुठं? साइटवरच्या प्रोफाइलला जोडलेली फाइल बघा. मेलच्या सेंटमध्ये बघा. ओळखीच्या काकांनी व्हॉट्सअॅपवर पुढे सरकवली असेल तर काकांना विचारा. कन्सल्टंटमार्फत गेली असेल तर जास्त सांभाळा. ही मंडळी आपल्या लेटरहेडवर उतरवताना मजकूर आखडतात, आणि नोटिस पीरियड ६० दिवसांचा असला तर एखादा ३० करून मोकळा होतो. काहीच सापडलं नाही तर एचआरला सरळ फोन करा: "मॅडम, तुमच्याकडे माझा कोणता बायोडाटा आलाय, तो मला पाठवाल का?" यात लाजण्यासारखं काही नाही. फोन केला म्हणून कोणी कोणाला नाकारल्याचं मी ऐकलेलं नाही. मी न केल्यानं काय झालं ते वर आहेच.

मिळाला की पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक आकड्यासमोर तो कुठल्या काळाचा, कशाचा आणि मोजला कोणी, हे लिहा. 'सुधारणा केली', 'सहभाग घेतला' अशी ओळ असेल तर त्यात तुमचा हात नेमका कुठे होता ते लिहा. जे आता आठवतच नाही त्यावर काट मारा, आणि विचारलंच तर "हे काम टीमचं होतं, माझ्याकडे फक्त तपासणी होती" असं खरं ते सांगा. तारखा अपॉइंटमेंट लेटरशी ताडून बघा. नोकरी सोडल्याचा महिना एका प्रतीत मार्च आणि दुसरीत मे असेल तर तिथंच घसरगुंडी. शिक्षणाचं नाव पूर्ण लिहिलंय का तेही बघा. आमच्या घरी आजोबांपासून सगळे इथल्या पॉलिटेक्निकला जुन्या नावानं 'कलाभवन'च म्हणतात, ते आहेच १८९० चं, विद्यापीठ १९४९ चं. पण बाहेरून आलेल्या एचआरला कलाभवन म्हणजे नाटकाचं थिएटर वाटतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठ, पॉलिटेक्निक असं सरळ लिहा.

कागद. मार्कशीट, सर्टिफिकेट, आधार, शेवटच्या तीन पगारांच्या स्लिपा, फोटो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते असं की बऱ्याच कारखान्यांच्या गेटवर फोन जमा करून घेतात, निदान कॅमेऱ्यावर स्टिकर तरी चिकटवतात. "सगळं मोबाइलमध्ये आहे" म्हणणारा तिथंच अडकतो. कागदावर न्या. ओरिजिनल दाखवा, देऊन येऊ नका. आणि नाव: आपल्याकडच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर उलटं, लग्न झालेल्या मुलींचं तर आणखीच वेगळं. विचारतील, एका वाक्यात सांगायची तयारी ठेवा.

कामाचे प्रश्न. क्वालिटीवाल्यांना सीपी आणि सीपीकेतला फरक (काम ठरलेल्या मर्यादेत किती नीट बसतं ते सांगणारे आकडे), पीपॅपचे (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायच्या कागदांचे) १८ घटक, गेज आर अँड आर (मोजण्यातच किती फरक पडतो त्याची चाचणी) १० टक्क्यांच्या आत चांगलं आणि ३० च्या वर टाकाऊ, हे विचारतातच. पाठ करून भागत नाही, स्वतःच्या पार्टवरचं एक उदाहरण लागतं. कधीकधी हातात वर्नियर आणि एक तुकडा देऊन म्हणतात, मोजा. लगेच मोजायला जाऊ नका. आधी जबडे पुसा, बंद करा, शून्य जुळतंय का बघा. ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या वर्नियरवर शून्याची चूक तशीच वाचली तर पुढचं सगळं वाया. साहेब रीडिंग नंतर बघतात, आधी तुमचे हात बघतात. हे मात्र मला त्या दिवशीही बरोबर जमलं होतं, एवढंच समाधान.

'स्वतःबद्दल सांगा' याचं उत्तर दीड मिनिटाचं, मोठ्यानं म्हणून बघा. ज्या भाषेत बोलायचं त्याच भाषेत म्हणा. घरी मराठी, दुकानात गुजराती, शॉप फ्लोअरवर हिंदी आणि कागदावर इंग्रजी अशी आपली खिचडी. मनातल्या मनात मराठीत केलेली तालीम तिथं कामाला येत नाही, जीभ अडते. आणि बोलाल ते पाठवलेल्या बायोडाटाच्या क्रमानं. पाठवलेल्या.

मुलींना लग्न कधी, नाईट शिफ्ट चालेल का, घरचे सोडतील का, हे विचारतात. राग येतो. मी एवढंच म्हणते, "शिफ्टची वेळ आणि बसची सोय सांगा, मी सांगते जमेल का." लग्नाच्या प्रश्नावर हसते आणि गप्प बसते. दोन मिनिटं शांतता झाली तरी होऊ द्या, ती तुम्ही भरायची नाही.

पगार. आकडा घरून ठरवून न्या आणि विचारताना 'हातात किती' विचारा. सीटीसीत, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चात, कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, तो १५,००० च्या मर्यादेवर कापत असतील तर महिना १,८०० त्यांचा आणि १,८०० तुमचा. पुष्कळ ठिकाणी ग्रॅच्युइटीही धरतात, बेसिकच्या ४.८१ टक्के. गुजरातचा प्रोफेशनल टॅक्स महिना २०० रुपये. बेरीज-वजाबाकी आदल्या रात्री कागदावर करून ठेवा. टेबलावर बोटं मोजत बसलं की समोरचा आकडा खाली आणतो. बायोडाटात अपेक्षित पगार लिहिला होता का? कोणत्या प्रतीत? बघितलंत ना?

जायचं कसं. बडोद्याहून हालोल चाळीसेक किलोमीटर, गोल्डन चोकडीच्या नाक्यावर शटल भरेपर्यंत हलत नाही. एक तास जास्त धरा. कोणत्या गेटनं आत जायचं ते विचारून ठेवा, मोठ्या प्लांटला तीन-तीन गेटं असतात आणि एका गेटपासून दुसरं उन्हात चालण्याइतकं जवळ नसतं. कपडे इस्त्रीचे. बूट बंद, चपला-सँडल घालून शॉपमध्ये सोडत नाहीत. पाणी.

आत गेल्यावर: येत नसेल तर येत नाही म्हणा. जुन्या कंपनीबद्दल वाईट बोलू नका, कितीही खरं असलं तरी. शेवटी "काही विचारायचंय?" म्हणतात तेव्हा एक प्रश्न हवा. मी विचारते, "या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेले?" बरंच कळतं.

नंतर. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेल. आठ दिवसांनी एक फोन, रोज नव्हे. ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा नाही. तोंडी 'फायनल समजा' याला अर्थ नाही. जुन्या कंपनीकडून रिलीव्हिंग लेटर घेऊनच निघा. मेडिकलला उपाशीपोटी बोलावतात आणि दुपारी एकपर्यंत बसवतात, डबा बरोबर न्या.